अपील फेटाळलं, पण वाचलं कुणी?

प्रति,
माननीय मुख्य न्यायमूर्ती, कर्नाटक उच्च न्यायालय,
तसेच राज्य विधी सेवा प्राधिकरणाचे पदाधिकारी यांस

विषय : फौजदारी अपिलातल्या 'किरकोळ' हुकमांवर कुणाची तरी नजर असावी, याबद्दल

सविनय नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातली. मराठी शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. माझा धाकटा भाऊ सध्या तुरुंगात आहे. शेताच्या बांधावरून झालेल्या मारामारीत त्याला दोन वर्षांची शिक्षा लागली. त्याने अपील केलं, आणि ते अपील एका दुपारी साक्षीचं एकही पान न उलटता निकाली निघालं.

तो दोषी आहे की निर्दोष, हे ठरवून द्या असं मी या पत्रात मागत नाही. त्यासाठी रीतसर अर्ज वरच्या न्यायालयात दाखल आहे, त्याचं काय व्हायचं ते तिथे होईल. म्हणूनच हे कुठल्या न्यायालयात घडलं, न्यायाधीश कोण, वकील कोण, यांपैकी कुणाचंही नाव मी घेणार नाही. शिवाय कोर्टाच्या आवारात इतकी वर्षं बसून जे कानावर आलं, त्यावरून एवढं सांगते की आमचं प्रकरण एकटं नाही.

खटल्याच्या निकालावर अपील करता येतं, हे गावातल्या पोरालाही ठाऊक असतं. पण अपील चालू असताना लहान लहान हुकूम होत असतात. उशीर माफ करायचा की नाही, शिक्षेला स्थगिती द्यायची की नाही, राहून गेलेला कागद आता घ्यायचा की नाही, वकील आला नाही तर तारीख द्यायची की पुढे जायचं. अपील जगतं किंवा मरतं ते इथे, आणि ह्या हुकमांविरुद्ध जायला जवळजवळ वाट नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याचं, कलम ४३८ (जुन्या कायद्यातलं ३९७) सांगतं की मधल्या हुकमांवर पुनरीक्षण, म्हणजे वरच्या न्यायालयाकडून तपासणी, नाही. कलम ४०३ (जुनं ३६२) सांगतं की एकदा सही झाली की लिहिण्यातली चूक सोडून न्यायालयाला आपल्याच निकालाला हात लावता येत नाही.

हे नियम का केले ते मला कळतं. प्रत्येक तारखेवर वर धाव घ्यायची मुभा दिली तर श्रीमंत आरोपी खटला संपूच देणार नाही. मधु लिमयांच्या खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने यातून थोडी वाट काढली. धड अंतिम नाही आणि धड किरकोळही नाही अशा हुकमांना पुनरीक्षणाचं दार उघडं ठेवलं. पण आपला हुकूम त्यांतला कुठला, हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला धारवाडला उच्च न्यायालयात जाऊन, वकील लावून, पैसे भरल्यावरच कळतं.

बेळगावच्या माणसाला या बाबतीत एक जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. १ मे १९१६ रोजी लोकमान्य टिळकांनी बेळगावात होमरूलवर मराठीत भाषण केलं. ते आणि अहमदनगरची दोन भाषणं धरून पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने त्यांना वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन द्यायला सांगितलं. ती शिक्षा नव्हती, नुसता मुचलक्याचा हुकूम होता. तरी मुंबई उच्च न्यायालयाने तो तपासायला घेतला. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जिना होते. मराठी भाषणांची इंग्रजी भाषांतरं न्यायमूर्तींपुढे होती. सुटी वाक्यं न उचलता भाषण सबंध वाचून त्याचा एकूण परिणाम काय होतो ते पाहिलं पाहिजे, असं त्यांनी म्हटलं, आणि ९ नोव्हेंबर १९१६ ला हुकूम रद्द झाला. परक्यांचं राज्य, समोर सरकारला नकोसा माणूस, तरी मराठी मजकूर भाषांतरित झाला आणि अखेरपर्यंत वाचला गेला. आमची मागणी याहून मोठी नाही.

आता तक्रारी सांगते.

पहिली निकालाच्या प्रतीबद्दल. ज्याला कैद होते त्याला निकालाची प्रत तिथल्या तिथे फुकट मिळाली पाहिजे, आणि त्याने मागितल्यास शक्य असेल तर त्याच्या भाषेतलं भाषांतरही, असं कलम ४०४ (जुनं ३६३) म्हणतं. प्रत मिळाली, तक्रार नाही. ती कन्नडमध्ये होती. भाऊ मराठी शाळेत शिकला, बाजारापुरतं कन्नड बोलतो, पण पानंच्या पानं कायद्याची भाषा वाचणं त्याच्या आवाक्यातलं नाही. भाषांतराचा अर्ज दिला. 'शक्य नाही' असं तोंडी उत्तर आलं, लेखी काहीच नाही. कोर्टाबाहेर टायपिंग करणारे एक कन्नड गृहस्थ आहेत. त्यांनी दुपारचा डबा बाजूला ठेवून आम्हाला तो निकाल मोडक्यातोडक्या मराठीत अखेरपर्यंत वाचून दाखवला, पैसे घेतले नाहीत. आमचं भांडण कन्नडशी नाही, हे एवढ्यासाठी सांगते. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथे असू दे; तारखा पाहत बसायची आम्हाला सवय आहे. इथे प्रश्न एवढाच की आपल्याला शिक्षा का झाली, हे शिक्षा झालेल्या माणसाला कळावं की नाही.

आणि 'शक्य नाही' हे आता कुणाला पटायचं? सर्वोच्च न्यायालय २०१९ पासून यंत्राच्या मदतीने निकालांची भाषांतरं करून घेऊ लागलं, त्यांत मराठी आहे, कन्नडही आहे. देशभर गाजलेले निकाल मी मोबाइलवर मराठीत वाचते. भावाचा निकाल तेवढा वाचता येत नाही.

निकालाच्या प्रतीचं महत्त्व सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते १९७८ साली, माधव हयवदनराव होस्कोट यांच्या खटल्यात. खटला कशाचा, तर कर्नाटक विद्यापीठाच्या बनावट शिक्क्याचा आणि खोट्या पदव्यांचा! हे गृहस्थ सर्वोच्च न्यायालयात काही वर्षं उशिराने आले. निकालाची प्रत हाती पडलीच नव्हती, असं त्यांचं म्हणणं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ठरवून दिलं की कैद्याला प्रत वेळेवर आणि फुकट मिळालीच पाहिजे, तुरुंगाने ती पोचल्याची सही घेतली पाहिजे, आणि गरीब कैद्याला अपिलासाठी वकीलही मिळाला पाहिजे. खुद्द होस्कोटना त्याचा फायदा झाला नाही, अर्ज फेटाळलाच गेला. नियम मात्र आपल्या सगळ्यांच्या पदरात पडला. न समजणारी प्रत हातात देऊन त्यातलं किती पाळलं जातं, ते आपणच पाहा.

दुसरी मुदतीबद्दल. खालच्या न्यायालयाच्या शिक्षेवर सत्र न्यायालयात अपील करायला ३० दिवस, उच्च न्यायालयात करायचं असेल तर ६०. नक्कल मिळवण्यात गेलेला वेळ त्यातून वजा होतो. भाषांतराची वाट पाहण्यात गेलेला वेळ मात्र आमच्या बाबतीत 'विलंब' ठरला. विलंब माफ होईपर्यंत अपिलाला नंबर नाही, नंबर नाही म्हणून शिक्षेला स्थगिती मागता येईना, आणि स्थगिती नाही म्हणून वॉरंट निघालं. ऐन पेरणीत पोलीस दारात आले, गल्ली बघत उभी. पुढे विलंब माफ झाला, तो जामिनावर सुटलाही, पण गावाने बघायचं ते बघून घेतलं होतं. १९८७ साली अनंतनागच्या कलेक्टरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विलंबाकडे उदार नजरेने पाहा, तांत्रिक कारणाने न्यायाचं दार लावू नका. तिथे चार दिवस उशिरा आलं होतं ते सरकार. सरकारला जी सवलत, ती बैलजोडीवर पोट असणाऱ्याला मागून मागून मिळते.

तिसरी राहून गेलेल्या कागदाबद्दल. त्या संध्याकाळी माझ्या भावाच्या डोक्यालाही टाके पडले होते. सरकारी दवाखान्याच्या रजिस्टरात त्याची वेळ लिहिलेली आहे. खालच्या न्यायालयात तो कागद आलाच नाही. का आला नाही हे त्या वेळच्या वकिलांना ठाऊक. अपिलात असा पुरावा घेता येतो, कलम ४३२ (जुनं ३९१). आम्ही अर्ज दिला. ऑर्डर शीटवर एक ओळ पडली : मुख्य अपिलाबरोबर ऐकू. मुख्य अपील कधी ऐकलंच गेलं नाही, त्यामुळे त्या अर्जाचं काय झालं हे आजही कुठल्या कागदावर नाही. तो मंजूर नाही, नामंजूर नाही. नामंजूर झाला असता तर निदान कारण विचारता आलं असतं. गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी जळीत प्रकरणात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातचा खटला महाराष्ट्रात पुन्हा चालवायला लावला, त्यातही अपिलात नवा पुरावा नाकारला गेल्याची दखल घेतली होती. मोठ्या प्रकरणात ही दखल देशभर पोचते. आमच्या दवाखान्याच्या कागदाकडे कोण बघणार?

चौथी तक्रार मुख्य, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या दिवशी वकिलांचा कामकाजावर बहिष्कार होता. कारण कुठलंसं गंभीरच असेल. वकिलांना संपाचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच म्हटलं आहे, पण बहिष्काराचा दंड वकिलाला कधी बसत नाही, पक्षकाराला बसतो. आमचे वकील आले नाहीत. भाऊ हजर होता, मी मागच्या बाकावर होते. नाव पुकारलं. भाऊ पुढे जाऊन उभा राहिला. साहेबांनी कागदातून मान वर करून विचारलं, "एनादरू हेळोदिदेया?" काही सांगायचंय का, एवढंच. आवाज रागाचा नव्हता. भावाने आधी माझ्याकडे वळून पाहिलं, मग हात जोडले आणि मराठीत म्हणाला, "साहेब, वकील येतील." साहेब टायपिस्टकडे वळून इंग्रजीत काही बोलले. कीबोर्ड वाजला, शिपायाने पुढचं नाव पुकारलं. बाहेर आल्यावर भाऊ मला म्हणाला, "आक्का, पुढची तारीख कधीची दिली?"

तारीख दिलीच नव्हती. रात्री पुतण्याने मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप उघडलं, तर प्रकरणापुढे 'निकाली' दिसत होतं. पुढे ऑर्डर शीटची नक्कल मिळाली. इंग्रजीत तीन ओळी. अपीलकर्ता स्वतः हजर, वकील गैरहजर, अपीलकर्त्याला काही सांगायचं नाही, अपील न चालवल्यामुळे फेटाळलं.

महोदय, त्याला काही सांगायचं नाही असं तो म्हणालाच नव्हता. त्याने मराठीत जे सांगितलं त्याचा इंग्रजीत उलटा अर्थ लागला. यात कुणाची लबाडी आहे असं मी मानत नाही. एका दिवसाच्या बोर्डावर इतकी प्रकरणं असतात की साहेबांनाही श्वास घ्यायला फुरसत नसते. पण त्या तीन ओळींनी माझा भाऊ तुरुंगात गेला, आणि त्या ओळी खऱ्या की खोट्या हे पाहणारा वर बसलेला कुणीही नाही.

कायदा इथे मुळीच संदिग्ध नाही. बनी सिंग खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की फौजदारी अपील 'चालवलं नाही' म्हणून फेटाळता येत नाही. अपीलकर्ता नसो की वकील नसो, न्यायालयाने रेकॉर्ड पाहून गुणवत्तेवर निकाल द्यायचा. माणूस तुरुंगात असेल तर त्याला वकील नेमून देणं योग्य. वकिलासाठी अपील कायमचं ताटकळत ठेवा, असंही कुणी म्हणत नाही. २०१३ साली के. एस. पांडुरंग यांच्या खटल्यात, जो आपल्या कर्नाटकातलाच, हे पुन्हा स्पष्ट झालं की वकील नसला तरी न्यायालय पुढे जाऊ शकतं. मात्र कागद वाचून. आमच्या अपिलात वाचलं गेलं असतं आणि तरीही आम्ही हरलो असतो, तर हे पत्र लिहायचा मला अधिकार नव्हता.

यावर कुणी म्हणेल की वर जा, पुनरीक्षण आहे ना. आहे, आणि आम्ही गेलो. २००८ पूर्वी त्यासाठी बेंगळूर गाठावं लागायचं. आता धारवाडला खंडपीठ आहे, २०१३ पासून ते कायमचं झालं, हे उपकारच. तरी एक सही, एक तारीख, एक राहिलेली नक्कल, म्हणजे एसटीचा अख्खा दिवस आणि मजुरी बुडाली. आणि हे सगळं कशासाठी, तर खाली जे व्हायलाच हवं होतं ते व्हावं म्हणून. माझी पेन्शन आहे, मी धावते. ज्याची बहीण पेन्शनवाली नाही त्याने काय करायचं? कश्मीरा सिंग खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच विचारलं होतं : माणूस आत बसून राहिला आणि वर्षांनंतर अपिलात सुटला, तर ती वर्षं त्याला कोण परत देणार.

आता मागण्या. एकही नवा कायदा मागत नाही.

ज्या दिवशी शिक्षा सुनावली जाईल त्याच दिवशी आरोपीच्या हातात निकालाबरोबर त्याला वाचता येईल अशा भाषेतलं एक पान द्यावं. शिक्षा किती, कोणत्या कलमाखाली, अपील कुठे, किती दिवसांत, आणि फुकट वकील कुठे मिळतो. बेळगाव जिल्ह्यात ते कन्नड, मराठी आणि उर्दूत छापून ठेवता येईल. तुरुंगात असलेल्या कुणालाही आणि कुठल्याही बाईला, उत्पन्न न पाहता, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो, हे मी स्वतः शिक्षिका असून या भानगडीत पडल्यावरच वाचलं. विधी सेवेचा १५१०० हा नंबर त्या पानावर ठळक असावा.

भाषांतराचा अर्ज आला की उत्तर लेखी द्यावं. शक्य नसेल तर का, ते लिहावं. शक्य असेल तर ते हातात पडेपर्यंतचे दिवस विलंबात धरू नयेत, अशी सूचना सत्र न्यायालयांना जावी.

अपिलात दिलेला प्रत्येक अर्ज, स्थगितीचा, नव्या पुराव्याचा, तारखेचा, मंजूर की नामंजूर हे कारणासह लिहिलं जावं, आणि अपील निकाली काढण्यापूर्वी कुठलाही अर्ज अधांतरी नाही याची खात्री करून घ्यावी. ऑर्डर शीटवर त्यासाठी एक रकाना पुरेल.

वकील गैरहजर असेल तर विधी सेवेच्या यादीतला वकील तिथेच नेमावा. आणि अपीलकर्ता स्वतः काही बोलला तर ते कोणत्या भाषेत बोलला आणि त्याला कोणी समजावलं, हे लिहून त्याची सही घ्यावी. साक्ष आरोपीला कळणाऱ्या भाषेत समजावून सांगायची, हे कायद्यात आधीपासून आहेच; त्याच्या स्वतःच्या बोलण्याला तेवढा मान द्यायला हरकत नसावी.

शेवटची मागणी सगळ्यांत महत्त्वाची. गुणवत्तेवर न जाता, म्हणजे गैरहजेरी किंवा विलंब या कारणांनी फेटाळलेल्या फौजदारी अपिलांची यादी प्रत्येक जिल्ह्याकडून दर तीन महिन्यांनी मागवावी. घटनेच्या २२७ आणि २३५ या कलमांनी खालच्या न्यायालयांवर देखरेख ठेवायचा अधिकार आपल्याकडे आहेच; खालचं रेकॉर्ड स्वतःहून मागवून हुकूम बरोबर आहे की नाही, कामकाज रीतसर झालं की नाही, हे पाहायची मुभाही कलम ४३८ देतं. ज्या अपिलात माणूस तुरुंगात आहे, ती प्रकरणं त्या यादीत सर्वांत वर घ्यावीत आणि वाचावीत. कुणी अर्ज करण्याची वाट पाहू नये, कारण ज्यांना खरी गरज आहे ते अर्ज करत नाहीत. त्यांना आपलं अपील फेटाळलं गेलं हेच मुळात ठाऊक नसतं. माझा भाऊ तारीख विचारत होता.

यादी मागवायला खर्च नाही. आपल्या सहीचं एक परिपत्रक पुरेल. ते निघालं की त्याची मराठी प्रतही आमच्या तालुका कोर्टांच्या सूचना फलकावर लावावी, म्हणजे टायपिंगवाल्या काकांना पुन्हा डबा बाजूला ठेवावा लागणार नाही.

कळावे,
खानापूर तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका